दोघे एकमेकांकडे पाहत राहिले

तीन आठवडे रक्त आटवून मिळवलेली आघाडी एका दुपारी कशी गमावली जाते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने ३१ मे २०२५ हा दिवस तपासावा. त्या दिवशी आपल्याकडे आयपीएलचा गजर चालू होता, त्यामुळे इटलीच्या डोंगरात काय घडले याची दखल फारशी कोणी घेतली नाही. आम्हाला मात्र ती घ्यावीशी वाटते.

‘जिरो द इटालिया’ ही इटलीतील सायकल शर्यत १९०९ पासूनची. एका क्रीडा दैनिकाने ती सुरू केली. त्या दैनिकाचा कागद गुलाबी, म्हणून आघाडीवर असणाऱ्याच्या अंगावरची जर्सीही गुलाबी. २०२५ ची शर्यत ९ मे रोजी अल्बानियात सुरू झाली आणि १ जूनला रोममध्ये संपली. एकूण एकवीस टप्पे. रोज पहिला कोण आला याला मान आहेच, पण खरा हिशेब सर्व टप्प्यांच्या एकूण वेळेचा. शेवटचा रोमचा टप्पा सपाट रस्त्याचा, तिथे एकूण क्रमवारी सहसा बदलत नाही. म्हणजे विसावा टप्पा हाच निकालाचा दिवस.

त्या सकाळी परिस्थिती काय होती? मेक्सिकोचा एकवीस वर्षांचा इसाक देल तोरो पहिला. गुलाबी जर्सी घालणारा तो पहिलाच मेक्सिकन. इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ त्याच्या ४३ सेकंद मागे. इंग्लंडचा सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंद मागे. येट्सने तोवर एकही टप्पा जिंकला नव्हता, कुठे मोठी चढाई केली नव्हती. सगळे जग दोघांची लढत पाहायला बसले होते आणि तिसरा मुकाट पायडल मारत होता. असा तिसरा सर्वात धोक्याचा असतो, कारण त्याच्यावर कोणाचीच नजर नसते.

रस्ता होता वेरेसपासून सेस्त्रिएरेपर्यंत, दोनशे किलोमीटरच्या वर. वाटेत कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा घाट. साडेअठरा किलोमीटरची चढण, सरासरी चढ नऊ टक्क्यांहून अधिक, माथा २१७८ मीटरवर, आणि वरचे सुमारे आठ किलोमीटर डांबर नाही, नुसती खडी. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात ‘घाटाचा राजा’ ठरतो हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. तो बोरघाट मनात धरा आणि त्याच्यावर आणखी दोन-तीन बोरघाट रचा, म्हणजे फिनेस्त्रेची कल्पना येईल.

घाटाच्या पायथ्याशी कारापाझच्या ईएफ संघाने वेग इतका वाढवला की घोळका फुटला. कारापाझ सुटला, देल तोरो त्याच्या चाकाला चिकटला. येट्स आधी मागे राहिला, मग आपल्या गतीने त्यांच्यापर्यंत पोहोचला आणि त्याने स्वतः चढाया सुरू केल्या. एकदा पकडला गेला, पुन्हा निघाला. अखेरच्या वेळी त्याच्यामागे कोणीच गेले नाही.

इथे थांबून दोघांच्या डोक्यातला हिशेब मांडला पाहिजे. देल तोरो म्हणतो, माझा शत्रू कारापाझ. तो ४३ सेकंदांवर आहे. मी येट्सच्या मागे धावून दमलो तर कारापाझ माझ्या पाठीवरून पुढे निघून जाईल. कारापाझ म्हणतो, जर्सी तुझ्या अंगावर आहे, ती वाचवण्याची गरज तुझी. मी तुझ्यासाठी का राबू? सायकल शर्यतीत हा प्रश्न पोकळ नसतो. पुढचा माणूस वारा कापतो आणि मागच्याची बरीच ताकद वाचते. म्हणून पाठलागाचे काम ज्याच्या गळ्यात पडते तो थकतो आणि जो मागे लपतो तो ताजा राहतो. दोघांचेही गणित आपापल्या जागी बरोबर होते. पण दोघांच्याही गणितात येट्स नावाचा आकडाच नव्हता! तो प्रत्येक वळणावर पाच-दहा सेकंद पुढे सरकत होता आणि हे दोघे एकमेकांची तोंडे न्याहाळत होते. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, हे आपल्याकडे लहान मुलालाही सांगावे लागत नाही.

घाटमाथ्यावर येट्सकडे एवढी आघाडी होती की हिशेबाने गुलाबी जर्सी त्याची झाली होती. तरीही डाव संपलेला नव्हता. पुढे उतार, मग दरी, मग सेस्त्रिएरेची लांब पण मंद चढण. अशा रस्त्यावर एकट्याचा निभाव लागणे कठीण. तीव्र चढावर वेगच कमी असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या आडोशाचा फायदा थोडा; दरीत वेग वाढतो तसा तो फायदा अनेक पटीने वाढतो. दोघांनी आळीपाळीने काम केले असते तर एकट्या येट्सला गाठणे अशक्य नव्हते.

पण येट्स एकटा नव्हता. त्याच्या व्हिस्मा संघाने सकाळीच बेल्जियमचा वाऊट व्हॅन आर्ट पुढच्या तुकडीत पाठवून ठेवला होता. घाट ओलांडून तो पुढे वाट पाहत होता. येट्स आला, व्हॅन आर्टने त्याला आपल्या मागे घेतले आणि दरीभर वाऱ्याशी टक्कर देत ओढत नेले. हा व्हॅन आर्ट कोणी ऐरागैरा नव्हे. याच शर्यतीच्या नवव्या टप्प्यात सिएना शहरात त्याने देल तोरोलाच मागे टाकून विजय मिळवला होता आणि त्याच संध्याकाळी देल तोरोच्या अंगावर पहिल्यांदा गुलाबी जर्सी चढली होती. इतका मोठा खेळाडू त्या दिवशी दुसऱ्याचा वारा अडवायला उभा राहिला. इटालियन भाषेत अशा कामकऱ्याला ‘ग्रेगारिओ’ म्हणतात, म्हणजे कळपातला. पाण्याच्या बाटल्या आणायच्या, नेत्याची सायकल बिघडली तर आपली द्यायची, वारा खायचा आणि काम झाले की मागे पडायचे. बक्षिसाची रक्कम संघात वाटून घेण्याची प्रथा आहे, पण विजेत्यांच्या यादीत नाव एकाचेच लागते.

सेस्त्रिएरेला टप्पा जिंकला तो पुढच्या तुकडीतल्या ऑस्ट्रेलियाच्या ख्रिस हार्परने. येट्स तिसरा आला. देल तोरो आणि कारापाझ त्याच्यानंतर पाच मिनिटांहून अधिक वेळाने पोहोचले. अंतिम क्रमवारीत देल तोरो ३ मिनिटे ५६ सेकंद मागे, कारापाझ ४ मिनिटे ४३ सेकंद मागे. घाटाच्या पायथ्याशी जो प्रश्न सेकंदांचा होता तो माथ्यापलीकडे मिनिटांचा झाला. का? कारण आता दोघेही जर्सीसाठी नव्हे, दुसऱ्या क्रमांकासाठी एकमेकांवर पहारा देत होते.

शर्यतीनंतर कारापाझने देल तोरोच्या डावपेचांवर उघड टीका केली. आम्हाला ही टीका अर्धीच पटते. जर्सी ज्याच्या अंगावर, पाठलागाची पहिली जबाबदारी त्याची, हे मान्य. गमावण्यासारखे सर्वात जास्त त्याच्याजवळच होते. पण एकवीस वर्षांच्या पोराच्या कानात यंत्र होते आणि त्याच्या मागच्या गाडीत सारी हयात याच धंद्यात घालवलेली माणसे बसली होती. येट्सची आघाडी किती वाढली हे सेकंदासेकंदाला त्यांना दिसत होते. यूएई संघ या शर्यतीला आला तोच मुळी हुआन आयुसोला नेता धरून; तो दुखापतींनी खचून अठराव्या टप्प्यात बाहेर पडला. देल तोरो नेता झाला तो परिस्थितीने. नेता बदलला, पण आखणी बदलली का, हा प्रश्न त्या संघाला कोणी खडसावून विचारला पाहिजे. सगळा दोष पोराच्या माथी मारणे सोपे आहे, म्हणून तसे झाले. (येट्सचा जुळा भाऊ ॲडम हा याच यूएई संघातून शर्यतीत होता, म्हणजे भावाला रोखण्याचे काम ज्या संघाचे होते त्याच संघात!)

आणि कारापाझ? त्याला तर हा खेळ कोणी शिकवायची गरज नव्हती. इक्वेडोरच्या कार्ची प्रांतातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा, बापाने भंगारातून आणलेल्या सायकलवर शिकलेला. २०१९ च्या याच शर्यतीत चौदाव्या टप्प्यावर तो कुरमायरकडे एकटा निघाला तेव्हा निबाली आणि रॉग्लिच हे दोन बलाढ्य गडी नेमके असेच एकमेकांकडे पाहत बसले होते. त्या दिवशी कारापाझने गुलाबी जर्सी घेतली आणि मग थेट शर्यतच जिंकली. दुसऱ्यांच्या संशयावर ज्याने राज्य मिळवले, तोच सहा वर्षांनी आपल्या संशयात अडकला. शिवाय २०१८ मध्ये याच फिनेस्त्रेवर क्रिस फ्रूम शेवटचे ऐंशी किलोमीटर एकटा सुटला, तेव्हा मागच्या पाचांत कारापाझ होता. तो आणि लोपेझ तरुणांच्या पांढऱ्या जर्सीसाठी एकमेकांवर नजर ठेवून होते आणि पाठलागाला हात लावत नव्हते. फ्रूम तीन मिनिटांनी जिंकला, त्या टप्प्यात दुसरा कारापाझ.

त्याच दिवशी, त्याच घाटात गुलाबी जर्सी अंगावर घेऊन कोण कोलमडले होते? सायमन येट्स. तेरा दिवस त्याने ती जर्सी सांभाळली होती आणि एका दिवसात तो ३८ मिनिटे ५१ सेकंदांनी मागे फेकला गेला. खचून घरी बसला असता तर कोणी नाव ठेवले नसते. पण त्याच वर्षी त्याने स्पेनची ‘व्हुएल्टा’ जिंकली. फिनेस्त्रेचा हिशेब तेवढा बाकी राहिला होता. २०२५ चा मार्ग जाहीर झाला तेव्हा हा घाट विसाव्या टप्प्यात आहे, हे त्याने पाहिलेच होते. बत्तीसाव्या वर्षी तो तिथे पुन्हा आला, जिथे पडला होता तिथूनच उठून पुढे निघून गेला. सेस्त्रिएरेला त्याला रडू आवरले नाही.

दुसऱ्या दिवशी रोममध्ये त्याच संघाच्या ओलाव कोइजने शेवटचा टप्पा जिंकला. अंतिम रेषेपर्यंत त्याला वेगाने आणून सोडणाऱ्यांत वाऊट व्हॅन आर्ट होता.