सापाचं पिल्लू रागीट नसतं, घाबरलेलं असतं

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की अणदूर, नळदुर्ग, जळकोट या पट्ट्यात सापाची पिल्लं दिसू लागतात. माळवदी घराच्या दगडी भिंतीतली फट, कडब्याची गंज, सरपणाचा ढीग, न्हाणीची मोरी, कुठूनही एखादं वीतभर पिल्लू निघतं. घरातली मोठी माणसं काठी शोधतात आणि मुलं मोबाईल. हल्ली आणखी एक प्रकार दिसतो. ‘बिनविषारी आहे, पाळू या’ म्हणत एखादा मुलगा ते बरणीत भरून ठेवतो. मग दोन दिवसांनी तक्रार सुरू होते: पिल्लू फार रागीट आहे, हात नेला की फुत्कारतं, अंगावर येतं. याला शांत कसं करायचं?

आधी हा राग कुठून येतो ते पाहू.

राग नव्हे, भीती

सापाच्या पिल्लाला सगळेच खातात. कोंबडी, मांजर, मुंगूस, घार, बगळा, इतकंच काय, मोठे सापसुद्धा. जन्मल्यापासून आई त्याच्यासोबत नसते. म्हणून वरून येणारी प्रत्येक सावली त्याला घारीची वाटते, मग ती आपल्या हाताची का असेना. पळायला जागा नसली की ते तोंड मारतं. धामणीचं पिल्लू हवेतच चावे घेतं, दिवड मान चपटी करून झेपावतो, घोणसाचं पिल्लू जोरात फुत्कारतं आणि नागाचं पिल्लू पहिल्या दिवसापासून फणा काढतं.

कात टाकायच्या आधी सापाच्या डोळ्यांवर दुधाळ पडदा येतो. त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो जास्त बिथरतो. पोट भरलेलं असताना, फार गरम किंवा गार जागेत, आणि लपायला आडोसा नसेल तेव्हाही हेच होतं. काचेच्या बरणीत तर आडोसा मुळीच नसतो. शिवाय बरणी तापते, आणि चहूबाजूंनी चेहरे डोकावत असतात. त्यात कुणी दूध ओततं. साप दूध पीत नाही. त्याचं खाणं बेडूक, पाली, उंदीर.

परदेशात काय करतात

काही देशांत कॉर्न स्नेक, बॉल पायथन अशा पिंजऱ्यातच पैदास केलेल्या बिनविषारी जाती पाळायला परवानगी आहे. तिथले जाणकार नव्या पिल्लाला आठवडाभर हातच लावत नाहीत. लपायला डबी, एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला गारवा आणि पाणी देतात. ते दोन-तीनदा नीट खाऊ लागलं, की मग चार-पाच मिनिटं हातावर घेतात. हात वरून नेत नाहीत, बाजूने सावकाश नेतात. मान पकडत नाहीत, अंगाला खालून आधार देतात. खाल्ल्यावर दोन दिवस पुन्हा हात लावत नाहीत, नाहीतर ते खाल्लेलं उलटून टाकतं. म्हणजे शांत करण्याची खरी युक्ती एकच: त्याला त्रास देणं थांबवणं.

आपल्याकडे हीच गोष्ट नीलिमकुमार खैरे यांनी दाखवून दिली. १९८० च्या जानेवारीत पुण्यात ते काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांना पटवायचं होतं. पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान त्यांच्याच पुढाकारातून उभं राहिलं. पण त्यामागे सापांचा वर्षांचा अभ्यास होता. रील पाहून हे जमत नाही.

आपल्या घरात मात्र नको

यामागे दोन कारणं आहेत. पहिलं कायद्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानातला साप पकडून घरात ठेवणं गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग आणि घोणस यांच्याबरोबर धामण आणि दिवडही पहिल्या अनुसूचीत आहेत. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि दंड.

दुसरं कारण जिवाचं. कवड्या बिनविषारी, पण मण्यारसारखा दिसतो. डुरक्या घोणस निरुपद्रवी, पण अस्सल घोणसाशी त्याची गल्लत होते. पिल्लांत तर फरक ओळखणं आणखी कठीण. नागाच्या वीतभर पिल्लाचं विषही माणसाचा जीव घेऊ शकतं. एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली.

पिल्लू दिसलं तर

- मुलांना आणि जनावरांना दूर करा. काठी, झाडू, रॉकेल काही नको.
- एका माणसाने लांबून फक्त नजर ठेवावी. खोलीचं दार बंद करून खालच्या फटीत कपडा लावा.
- वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर किंवा गावातल्या सर्पमित्राला फोन करा.
- मुलाने बरणीत ठेवलं असेल तर रागावून त्यालाच ‘सोडून ये’ म्हणू नका. सोडताना हाताळणं हाच मोठा धोका. बरणी न उघडता, न हलवता सावलीत राहू द्या आणि फोन करा.
- भिंतीच्या फटी बुजवा, सरपण घरापासून लांब रचा, रात्री अंगणात बॅटरी घेऊनच उतरा. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली खोचा.

चावलंच तर

बांगड्या, अंगठी, पैंजण काढा. हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. करकचून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करू नका. चालू देऊ नका; १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. मण्यारचा दंश दुखतही नाही, म्हणून ‘काही झालं नाही’ समजून सकाळची वाट पाहू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस चालते. झाडफुकीत घालवलेला तास परत मिळत नाही. दुआ जरूर करा, पण गाडीत बसून, दवाखान्याच्या वाटेवर.

मुलांना सापांची आवड असेल तर ती मारू नका. सुटीत त्यांना कात्रजला न्या, सापांची पुस्तकं आणून द्या. आपल्या भागातले साप नावानिशी ओळखणारं मूल उद्या एखाद्या घरातला जीव वाचवेल, आणि सापाचाही.