चौदा दिवसांचें ओंवळें

दुसऱ्याची नाडी पाहणाऱ्या माणसावर स्वतःची नाडी पाहण्याची वेळ क्वचितच येते. ती आली म्हणजे, आजवर आपण रोग्यांना जो धीर दिला तो कितपत खरा होता, याचीही परीक्षा होते. करोनाच्या सांथींत, २०२० च्या श्रावणांत, मला ती परीक्षा द्यावी लागली. मी चांदूर रेल्वे येथें परिचारिकेचें काम करतें.

आमचें गांव आगगाडीच्याच नांवानें ओळखलें जातें. कारण जिल्ह्यांत दुसरें चांदूर, चांदूर बाजार, आहे. त्या वर्षीं मार्चअखेर प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि स्टेशनाकडील शांतता कानांना बोचूं लागली. गाड्या थांबल्या, पण रोग थांबला नाहीं. एके दिवशीं धाप लागलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मीं हाताला धरून खाटेवर निजविलें. माझ्या हातांत मोजे होते, तोंडावर मुखपट्टी होती. परंतु त्यांना सांवरतांना ती सरकली. तिसऱ्या दिवशीं त्यांना करोना असल्याचा अहवाल आला आणि निकट संपर्काच्या यादींत माझें नांव लागलें.

चौदा दिवस वेगळें राहावें, आणि लक्षणें नसलीं तर संपर्कानंतर पांचव्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान एकदां तपासणी व्हावी, असा तेव्हांचा नियम होता. त्याचें कारणही उघड आहे. विषाणु शरीरांत शिरला तरी सांपडण्याइतका वाढण्यास त्याला कांहीं दिवस लागतात. घाईची तपासणी खोटा दिलासा देते.

सहाव्या दिवशीं मी खुर्चींत बसलें. “मुंगी चावल्यासारखें वाटेल, घाबरूं नका,” असें मीं स्वतः कितीजणांना सांगितलें होतें! मुंगी कुठली? नाकांतून गेलेली ती काडी थेट घशाच्या माथ्यापर्यंत पोंचली आणि डोळ्यांतून घळघळां पाणी आलें.

ती काडी औषधी द्रवांत बुडवून, बर्फाच्या पेटींतून अमरावतीस रवाना झाली. आरंभीं आमच्या जिल्ह्याचे नमुने नागपुरास पाठवावे लागत. मे २०२० मध्यें अमरावतीच्या विद्यापीठांत प्रयोगशाळा सुरू झाली. हातीं खराटा घेऊन गांवें झाडणाऱ्या संत गाडगेबाबांचें नांव त्या विद्यापीठास आहे, हा योगही अर्थपूर्णच. अशा प्रयोगशाळेंत नमुन्यांतील विषाणूचें आर.एन.ए. वेगळें काढतात, त्याची डी.एन.ए.मध्यें नक्कल करतात आणि त्या नकलेचा ठराविक भाग पुनःपुन्हां दुप्पट करतात. एकाचे दोन, दोहोंचे चार, असें तीस वेळां झालें कीं एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. आणि जें डोळ्यांना कधींच दिसलें नसतें, त्याची चाहूल यंत्राला प्रकाशरूपानें लागते. विषाणूच नसेल तर दुप्पट करावयास कांहीं नसतें.

हें सर्व मला ठाऊक होतें. तरीही झोंप येईना. ज्ञानानें भीति कमी होते, संपत मात्र नाहीं.

मी ओसरीलगतच्या खोलींत राहत होतें. पंचाहत्तरी उलटलेल्या आमच्या सासूबाईंचें सोंवळें कडक. रुग्णालयांतून आल्यावर स्नानावांचून स्वयंपाकघरांत पाऊल टाकायचें नाहीं, यावरून आमचे पूर्वीं खटके उडालेले. आतां मीच त्यांना “दूर व्हा” म्हणून सांगत होतें! आठ वर्षांचा मुलगा अंगणांतून हात हालवी. दूधवाला हात लांब करून पातेल्यांत दूध ओती आणि झटकन मागें सरे. शेजारची खिडकी लागली ती उघडलीच नाहीं. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं १९४६ मध्यें कुष्ठरोग्यांसाठीं तपोवन उभारलें. त्या जिल्ह्यांतच रोगापेक्षां रोग्याला भिण्याची संवय अजून पुरती गेलेली नाहीं, हें मला त्या बंद खिडकीनें शिकविलें.

सासूबाई मात्र रोज सायंकाळीं माझें ताट उंबरठ्याशीं ठेवून ओसरीच्या दुसऱ्या टोंकाला बसत. सातव्या दिवशीं त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “सूनबाई, माझ्या माहेरीं कुणी पाणी मागायला आलें, कीं आम्ही त्यांच्या ओंजळींत वरून धार धरीत असूं. भांडें लागूं नये म्हणून हात किती उंच धरायचा, तें मला लहानपणींच शिकविलेलें. त्यांनाही असेंच वाटत असेल का ग?”

मला उत्तर सुचलें नाहीं. माझें ओंवळें चौदा दिवसांचें होतें. त्याला कारण होतें, त्याची तपासणी होती, आणि त्याचा शेवट पंचांगावर खूण करून ठेवलेला होता. त्या ओंजळींना यांतलें कांहींच नव्हतें. निरोगी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवणारे आपण, आणि एका खिडकीचें मला इतकें दुःख व्हावें!

आठव्या दिवशीं अहवाल आला. रोग नव्हता. तरी चौदा दिवस मीं पुरे केले. कारण एका तपासणींत सांपडला नाहीं म्हणजे विषाणु नाहींच, असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. पंधराव्या दिवशीं सकाळीं सासूबाईंनीं चहाचा पेला खालीं न ठेवतां माझ्या हातांत दिला. त्यांचें स्नान झालें होतें, पूजा व्हावयाची होती. आम्ही दोघीही कांहीं बोललों नाहीं.

मी कामावर परतलें. पहिल्याच दिवशीं एका म्हातारीनें काडीकडे पाहून विचारलें, “बाई, लय दुखते काय?” मुंगीची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती, ती मीं गिळली. म्हटलें, “दुखेल थोडें. अहवाल येईपर्यंत झोंपही लागणार नाहीं. पण मीही या खुर्चींत बसून आलें आहें.”

तिनें डोळे मिटले आणि मान वर केली.