खुब्याचे दुखणे : स्थान, कारणे आणि उपाय



स्मृतिव्याख्यानासाठी साहित्य, इतिहास किंवा शिक्षण ह्यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा प्रघात आहे. मी खुब्याच्या दुखण्यावर बोलणार असे कळविले, तेव्हा चिटणीसांना थोडे नवल वाटले. त्याचे कारण आरंभीच सांगतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते अखेरच्या वर्षांत ह्याच दुखण्याने जखडले गेले होते; आणि ते दुखणे ओळखण्यात चूक करणारा डॉक्टर मीच होतो.

गुरुजी आम्हांला शरीरविज्ञान शिकवीत. उत्तरात आकृती नसली, किंवा असून तिला नावे दिलेली नसली, तर उत्तर कितीही लांबलचक असो, ते पुरे गुण देत नसत. "आधी जागा दाखव, मग बोल," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. मी अस्थिरोगतज्ज्ञ होऊन काही वर्षे झाल्यावर एका दिवाळीत त्यांना भेटायला गेलो, तेव्हा ते म्हणाले, "उजवा गुडघा फार दुखतो रे." मी त्यांना खुर्चीवरून उठूही न देता गुडघा चाचपला. हाताला थोडी कुरकुर लागली. वय पाहिले, वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या, दोन व्यायाम सांगितले आणि फराळाला बसलो. त्यांना पलंगावर निजवून मांडी फिरवून पाहावी, हे मला सुचले नाही. जवळजवळ दोन वर्षांनी क्ष-किरण चित्र निघाले. गुडघा वयाच्या मानाने उत्तम होता; झिजला होता तो खुबा. तोवर रोजच्या गोळ्यांनी मूत्रपिंडे दुबळी झाली होती आणि शस्त्रक्रियेचा धोका पत्करणे कठीण झाले होते. मी ओशाळून सारे सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आकृती काढली नव्हतीस."

आज ती आकृती काढण्याचा प्रयत्न करतो.

सांध्याची रचना

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कटीच्या हाडातील खोलगट वाटीत बसते. ह्या वाटीला लॅटिन भाषेत जे नाव आहे त्याचा मूळ अर्थ सिरका ठेवण्याची लहान वाटी असा आहे. चेंडू आणि वाटी ह्या दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. चेंडू मांडीच्या दांड्याला थेट जोडलेला नसतो. मध्ये एक तिरपी मान असते. चेंडूला रक्त पोहोचविणाऱ्या बहुतेक वाहिन्या ह्या मानेवरूनच वर चढतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

हा सांधा फार भार वाहतो. आपण चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर उभे असतो. त्या वेळी धड दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरील स्नायूंना जोराने ओढ द्यावी लागते. शरीराचा भार तरफेच्या लांब बाजूवर आणि स्नायू आखूड बाजूवर, अशी ही रचना असल्याने सांध्यावर वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट दाब येतो. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाच्या खुब्यावर पावलागणिक दीडशे ते एकशे ऐंशी किलो भार पडतो. हेच स्नायू दुबळे झाले की चालताना कटी दुसऱ्या बाजूस खचते. हे लक्षण जर्मन शल्यविशारद फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग ह्यांनी १८९५ साली वर्णिले आणि आजही आम्ही रुग्णाला एका पायावर उभे करून तेच पाहतो.

बोट कोठे ठेवता?

आपल्या बेळगावसारख्या दुभाषी गावात मराठी रुग्ण "कंबर दुखते" म्हणतो आणि कानडी रुग्ण "सोंट" म्हणतो. दोन्ही शब्दांच्या पोटात पाठीच्या कण्यापासून मांडीपर्यंतचा सारा प्रदेश येतो. म्हणून रुग्णाला मी एकच विनंती करतो : एका बोटाने जागा दाखवा.

बोट जांघेत गेले, तर दुखणे बहुधा प्रत्यक्ष खुब्याच्या सांध्याचे असते. अशा रुग्णाला मोजा घालणे, पायाची नखे काढणे, मांडी घालून बसणे किंवा बसच्या उंच पायरीवर पाय ठेवणे अवघड जाते.

बोट मांडीच्या बाहेरील टणक उंचवट्यावर गेले आणि त्या कुशीवर निजवत नसेल, तर सांधा बहुधा निरोगी असतो. त्या उंचवट्याला चिकटणाऱ्या स्नायूंच्या कंडरा दुखावलेल्या असतात. चाळिशीपुढच्या स्त्रियांत हे विशेष आढळते.

बोट मागे, नितंबावर गेले, तर आधी कण्याकडे पाहावे. कळ मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर कण्यातून निघणारा मज्जातंतू दाबला गेल्याची शक्यता अधिक.

आणि बोट गुडघ्यावर गेले, तरी खुबा तपासावाच. काही मज्जातंतूंच्या शाखा ह्या दोन्ही सांध्यांना जातात. त्यामुळे खुब्याची तक्रार पुष्कळदा गुडघ्याच्या दारात येऊन उभी राहते. तपासणी सोपी आहे. रुग्णाला उताणे निजवावे, खुबा व गुडघा काटकोनात वाकवावा आणि पाऊल हलकेच बाहेरच्या बाजूला न्यावे, म्हणजे मांडी आतल्या बाजूस फिरते. दुसऱ्या बाजूपेक्षा ती कमी फिरली, किंवा फिरविताना जांघेत वा गुडघ्यात कळ आली, तर संशय खुब्यावर घ्यावा. ह्याला अर्धे मिनिट लागते. गुरुजींच्या घरी मी वाचविले ते हेच अर्धे मिनिट.

वयाप्रमाणे कारणे

लहान मूल लंगडू लागले, तर "खेळताना लागले असेल" म्हणून वाट पाहू नये. ताप असून मूल पाय टेकवीत नसेल, तर सांध्यात पू झालेला असू शकतो आणि त्यात तासांचाही हिशेब असतो. चार ते आठ वर्षांच्या सुमारास चेंडूचा रक्तपुरवठा तात्पुरता खंडित होऊन तो मऊ पडण्याचा पर्थीस नावाचा विकार होतो. दहा ते पंधरा वर्षांच्या, विशेषतः स्थूल मुलांत चेंडू वाढीच्या रेषेवरून घसरतो. आणि ही मुले बहुधा गुडघाच दाखवितात.

तारुण्यात दोन विकार विशेष ध्यानात ठेवावेत. पहिला, कणा ताठर करणारा संधिदाह. ह्यात सकाळी उठताना कंबर व खुबे आखडलेले असतात आणि विश्रांतीने नव्हे, तर हालचालीने बरे वाटते. दुसरा, चेंडूचा रक्तपुरवठा तुटून आतील हाड मृत होणे. अपघातात मान मोडली तर वाहिन्या तुटतात, हे उघड आहे. पण अतिमद्यपान, सिकलसेलसारखा रक्तविकार आणि स्टेरॉइड औषधांच्या मोठ्या मात्रा ह्यांनीही हेच घडते. कोविडच्या साथीत स्टेरॉइडने अनेकांचे प्राण वाचले, हे नाकारता येणार नाही. तथापि त्या आजारातून उठलेल्या रुग्णांत हा विकार आढळल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. सांधेदुखीवर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या, वेष्टनावर घटक न छापलेल्या काही पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. ज्या पुडीने दोन दिवसांत नवल वाटावे असा आराम पडतो, तिची धास्ती अधिक बाळगावी.

ह्या विकारात आरंभी साधे क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते, एम.आर.आय. तपासणीत मात्र दोष कळतो. चेंडू खचण्यापूर्वी निदान झाले, तर हाडात छिद्र पाडून आतील दाब कमी करण्याची लहान शस्त्रक्रिया करता येते आणि काही रुग्णांत सांधा टिकतो. चेंडू खचल्यावर ती संधी सहसा उरत नाही.

कोणत्याही वयात खुब्याचा क्षय होऊ शकतो. हळूहळू वाढणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप, वजनातील घट आणि रात्री झोपेत उठणारी कळ ही त्याची चिन्हे. अनेक महिने नेमाने औषधे घेतली, तर तो बरा होतो. घराबाहेर क्वचितच पडणाऱ्या स्त्रियांत 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावी हाडे मऊ होऊन त्यांत बारीक तडे जातात व चाल बदकासारखी डुलती होते. हा विकार औषधाने पूर्ण आटोक्यात येतो, पण तो आहे हे कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते.

उतारवयात सांध्याची झीज होते. आपल्याकडे गुडघ्यांच्या मानाने खुब्याची निव्वळ वयोमानाची झीज कमी आढळते. म्हणून खुबा झिजलेला दिसला की बालपणीचा विकार, जुना अस्थिभंग किंवा रक्तपुरवठ्यातील दोष ह्यांचा माग काढावा. वृद्ध माणूस न्हाणीघरात साधा घसरला आणि नंतर पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, तर मान मोडली असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेल चोळून वाट पाहण्यात जीवही जातो.

उपाय

कारण ठरले की उपायाची दिशा ठरते. बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात त्या कुशीवर निजू नये, दुसऱ्या कुशीवर निजताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, एका पायावर भार देऊन रेलून उभे राहू नये आणि बाजूच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम निदान दोन-तीन महिने नेटाने करावेत. इंजेक्शनाने तात्पुरता आराम पडतो. व्यायामाचा लाभ अधिक टिकतो.

सांध्याच्या झिजेत वजन कमी करणे हे खरे औषध आहे. एक किलो वजन उतरले, तर खुब्यावरचा भार प्रत्येक पावलाला अडीच-तीन किलोंनी उतरतो. उकिडवे बसणे सोडावे, शौचासाठी उंच आसन वापरावे. चालणे सोडू नये. दुखेल इतके चालू नये. शेकाने व हलक्या मालिशाने स्नायू सैल होतात, त्यात गैर काही नाही. मात्र झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस, डॉक्टरांना विचारून घ्याव्यात; उतारवयात, रक्तदाब वा मधुमेह असणाऱ्यांनी तर मूत्रपिंडांची तपासणी केल्यावाचून त्या चालू ठेवू नयेत.

काठीबद्दल दोन शब्द. पुष्कळजण ती दुखऱ्या बाजूच्याच हातात धरतात. गुरुजीही तशीच धरीत आणि मीही त्यांना कधी टोकले नाही. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. मघाच्या तरफेचा विचार केला तर कारण उमगेल : सांध्यापासून दूर असलेल्या हाताने दिलेला थोडासा आधारही स्नायूंची ओढ पुष्कळ कमी करतो. ह्या उपायाला पैसा पडत नाही. लाज वाटते म्हणून तो टाळला जातो.

एवढे करूनही रात्रीची झोप आणि दिवसाचे चालणे हिरावले जात असेल, तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे जॉन चार्न्ली ह्यांनी १९६२ साली धातूचा चेंडू आणि टणक प्लॅस्टिकची वाटी वापरून तिला भरवशाचे रूप दिले. त्यापूर्वी टेफ्लॉनची वाटी वापरून त्यांना अपयश आले होते आणि त्यांनी ते प्रांजळपणे मान्य केले होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे सांधे पंचवीस वर्षांनंतरही सुमारे ५८ टक्के टिकून राहतात, असे दिसून आले. "आता ह्या वयात कशाला?" असे म्हणत दहा वर्षे घरात बसून राहणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. दुसऱ्या बाजूने, केवळ चित्रात झीज दिसते म्हणून घाई करू नये. शस्त्रक्रिया चित्रावर नव्हे, माणसावर करावयाची असते.

समारोप

सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेले दुखणे तपासून घ्यावे. ताप, वजनातील घट, विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची कळ, पाय टेकविता न येणे, पूर्वी झालेला कर्करोग, दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड ह्यांपैकी काही असेल, तर सहा दिवसही थांबू नये. डॉक्टरांकडे गेल्यावर औषधाचे नाव विचारण्याआधी एका बोटाने जागा दाखवावी. आणि डॉक्टरांनी निजवून तपासले नाही, तर विनयपूर्वक तशी विनंती करावी. गुरुजींना ती करता आली नाही, कारण समोर त्यांचा विद्यार्थी होता आणि त्याच्यावर त्यांचा विश्वास होता.

तेव्हापासून गुडघ्याची तक्रार घेऊन येणारा एकही रुग्ण खुबा पाहिल्यावाचून मी परत पाठविलेला नाही. हे ऋण असे फिटत नाही, हे जाणतो. ह्या सभागृहातून घरी गेल्यावर आपणांपैकी एकाने जरी आपल्या आईचा किंवा वडिलांचा 'गुडघा' पुन्हा एकदा नीट पाहून घेतला, तरी ह्या व्याख्यानाचे चीज झाले असे मी समजेन.