ऊर्जाबचतीचे घर आणि संमिश्र नागरी वस्ती : लंडनमधील ‘बेडझेड’ प्रकल्पाचा परिचय

प्रस्तावना

घर ही सर्वसामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी असते. क्षेत्रफळ, मजला, पाण्याची सोय, शाळेपासूनचे अंतर आणि गृहकर्जाचा मासिक हप्ता यांचा विचार करूनच ती केली जाते. मात्र त्या घरात राहण्यासाठी पुढे किती ऊर्जा खर्च होईल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कर्जाचा हप्ता कधीतरी संपतो. विजेचे बिल संपत नाही. बांधकाम व्यावसायिक घर एकदाच विकतो आणि त्यातील उणिवांची किंमत रहिवासी वर्षानुवर्षे मोजतो. भाडेकरूची स्थिती याहून अवघड असते, कारण भिंत बदलण्याचा अधिकार त्याला नसतो आणि बिल मात्र त्यालाच भरावे लागते.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत लेखात दक्षिण लंडनमधील ‘बेडिंग्टन झिरो एनर्जी डेव्हलपमेंट’ अर्थात ‘बेडझेड’ या वसाहतीचा विचार केला आहे. ऊर्जेची बचत नेमकी कशातून होते आणि अशी घरे केवळ सधन वर्गापुरतीच राहतात काय, हे दोन प्रश्न येथे मध्यवर्ती आहेत.

प्रकल्पाची पार्श्वभूमी

सटन या लंडनमधील बरोच्या हॅकब्रिज भागात २००२ साली ही वसाहत पूर्ण झाली. पीबॉडी ट्रस्ट ही गृहनिर्माण संस्था, वास्तुरचनाकार बिल डन्स्टर, अरूप ही अभियांत्रिकी संस्था आणि बायोरिजनल ही पर्यावरणविषयक संस्था यांच्या सहकार्यातून ती उभी राहिली. वसाहतीत सुमारे १०० घरे आहेत. २००३ साली ब्रिटनमधील प्रतिष्ठित स्टर्लिंग पारितोषिकाच्या अंतिम यादीत या प्रकल्पाचा समावेश झाला होता.

घराची रचना व कार्यतत्त्व

इंग्लंडमध्ये घरातील ऊर्जेचा मोठा वाटा हिवाळ्यात खोल्या उबदार ठेवण्यावर खर्च होतो. म्हणून बेडझेडमध्ये प्रथम उष्णतेची गळती रोखण्यात आली. भिंतींत सुमारे ३०० मिलिमीटर जाडीचा उष्णतारोधक थर घालण्यात आला. खिडक्यांना तिहेरी काचा बसवण्यात आल्या. दक्षिणेकडे काचेने बंदिस्त केलेले सज्जे ठेवण्यात आले. हिवाळ्यातील तिरपे ऊन त्यांतून आत येते आणि त्याची ऊब काँक्रीटचे तक्ते व जाड भिंती साठवून ठेवतात. स्वयंपाक, दिवे आणि माणसांच्या शरीराची उष्णता हीदेखील उपयोगात येते.

घर इतके बंदिस्त केल्यावर शुद्ध हवेचा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी छपरावर वाऱ्याच्या दिशेने फिरणारी रंगीत धुराडी बसवण्यात आली. बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेची ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला मिळते आणि या कामासाठी विजेचा पंखा लागत नाही.

२००७ मधील पाहणीनुसार येथील घरे उबदार ठेवण्यासाठी लागणारी ऊर्जा सटनमधील सरासरीपेक्षा सुमारे ८१ टक्क्यांनी, तर विजेचा वापर सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळला.

विक्री आणि वस्तीची घडण

या वसाहतीचे सामाजिक महत्त्व तिच्या विक्रीच्या पद्धतीत आहे. सुमारे निम्मी घरे खुल्या बाजारात विकण्यात आली. सुमारे एक चतुर्थांश घरे अंशतः मालकी व अंशतः भाडे या तत्त्वावर देण्यात आली आणि उरलेली सवलतीच्या भाड्याने गरजू कुटुंबांना मिळाली. महत्त्वाची बाब अशी की, या तिन्ही गटांसाठी एकाच दर्जाचे बांधकाम करण्यात आले. ज्याला वाढते इंधनबिल सर्वांत कमी परवडते, त्यालाही तीच जाड भिंत मिळाली. येथील रहिवासी सरासरी २० शेजाऱ्यांना नावाने ओळखतात, असेही पाहणीत आढळले. निरनिराळ्या उत्पन्नगटांतील कुटुंबे एकत्र राहिल्याने शेजार तुटतो, या समजुतीला हे निरीक्षण छेद देणारे आहे.

मर्यादा

प्रकल्पाचे सर्वच हेतू सफल झाले नाहीत. लाकडाच्या तुकड्यांवर वीज व उष्णता निर्माण करणारे संयंत्र वारंवार बिघडत असल्याने काही वर्षांतच बंद करावे लागले आणि गरम पाण्यासाठी नैसर्गिक वायूवरील बॉयलर वापरात आले. सांडपाणी शुद्धीकरणाची जैविक यंत्रणाही टिकली नाही. म्हणजेच ‘शून्य ऊर्जा’ हे नाव शब्दशः खरे ठरले नाही. तथापि यंत्रे बंद पडली तरी भिंती, काचा आणि दिशा आपले काम करीत राहिल्या. यंत्राला देखभाल व कुशल मनुष्यबळ लागते. बांधकामात मुरलेली बचत त्या मानाने निर्धोक असते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

ही रचना जशीच्या तशी उचलणे चुकीचे ठरेल. विदर्भ-मराठवाड्यात उष्णता साठवायची नसून अडवायची आहे. तेथे काचेच्या सज्जापेक्षा छताचे उष्णतारोधन, पश्चिमेच्या भिंतीवरील सावली आणि समोरासमोरच्या खिडक्या अधिक उपयोगी पडतात. भारतातील ‘इको-निवास संहिता २०१८’ याच दिशेने जाते. भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचे मान दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा अधिक असू नये, असे ती सांगते. उघडणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाणही ठरवून देते.

परंतु ग्राहकाला हे कळावे कसे? इंग्लंड व वेल्समध्ये २००७ पासून टप्प्याटप्प्याने घर विकताना ‘ए’ ते ‘जी’ अशी श्रेणी दर्शवणारे ऊर्जा प्रमाणपत्र आवश्यक झाले. आपल्याकडे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्र उघड करणे बंधनकारक केले, ही मोठी सुधारणा आहे; तथापि घर किती तापेल, याचा उल्लेख विक्रीच्या जाहिरातीत सहसा आढळत नाही.

वस्तीच्या संमिश्रतेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम २३ खुल्या सभासदत्वाचे तत्त्व मांडते. दुसरीकडे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व विशिष्ट समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. त्यामुळे उत्तम घर उपलब्ध असणे आणि ते सर्वांना खरेदी करता येणे, या दोन भिन्न गोष्टी ठरतात.

निष्कर्ष

१. ऊर्जेची टिकाऊ बचत प्रथम दिशा, भिंत, छत व खिडकी यांतून साधावी. यंत्रांचा क्रम त्यानंतर यावा.

२. परदेशी आराखड्याचे नव्हे, तर त्यामागील तत्त्वाचे स्थानिक हवामानानुसार उपयोजन व्हावे.

३. विक्रीच्या वेळी चटई क्षेत्राइतकीच ऊर्जाविषयक माहितीही ग्राहकाला मिळावी.

४. अशा घरांत अल्प उत्पन्न गटाचा वाटा आरंभापासूनच राखून ठेवावा आणि बांधकामाच्या दर्जात भेद करू नये. अन्यथा ज्यांना बचतीची सर्वाधिक गरज आहे, तेच पत्र्याखाली तापत राहतील आणि ऊर्जाबचत ही सधनांच्या जाहिरातीतील आणखी एक सुविधा ठरेल.