वीस बाइटांची खातेवही

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या पोटात शिरावे, हे काहींना नवल वाटेल. पण कमोडोर 64 या जुन्या घरगुती संगणकाची फ्लॉपी कशी लिहिली जाते ते पाहू लागलो, आणि आत चक्क खातेवही सापडली. वाचकांना तिची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

हा संगणक 1982 साली अमेरिकेत बाजारात आला. स्मृती अवघी 64 किलोबाइट. आज 'व्हाइस' नावाचा प्रोग्राम आपल्या साध्या संगणकावर त्याचे हुबेहूब सोंग वठवतो. त्यामुळे मूळ यंत्र जवळ नसले तरी त्याच्यासाठी नवा प्रोग्राम रचता येतो.

उदाहरण अगदी लहान घेऊ. पडद्याभोवतीची फिकी निळी चौकट काळी करायची. चौकटीचा रंग 53280 या पत्त्यावर असतो; तिथे शून्य ठेवले की ती काळी होते. यंत्राच्या भाषेत हे काम सहा बाइटांचे: 169, 0, 141, 32, 208, 96. म्हणजे 'शून्य हाती घे, 53280 वर ठेव, परत जा.'

32 आणि 208 यांचे 53280 कसे झाले? 208 ला 256 ने गुणायचे आणि 32 मिळवायचे. मात्र लिहिताना लहान भाग आधी, मोठा नंतर. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणतो, पाच आधी आणि वीस नंतर. कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु', वीस आधी आणि पाच नंतर. तेव्हा निदान मोजणीपुरते हे यंत्र मराठी आहे!

या सहा बाइटांपुढे आणखी चौदा लागतात. पहिले दोन, 1 आणि 8, म्हणजे 2049: प्रोग्राम स्मृतीत कोठे उतरवायचा तो पत्ता. पुढच्या बारांत बेसिक भाषेची एकच ओळ असते, '10 सिस 2061'. वापरणाऱ्याने 'रन' म्हटले की बेसिक ही ओळ वाचते आणि 2061 वर बसलेल्या आपल्या सहा बाइटांकडे कारभार सोपवते. एकूण बाइट वीस.

मी पहिल्या खेपेस 8 आणि 1 असे कन्नड क्रमाने लिहिले. पत्ता झाला 264. प्रोग्राम भलत्याच जागी उतरला आणि चौकट निळीच राहिली. दोन संध्याकाळ मी व्हाइसला दोष देत बसलो. चूक माझीच होती.

आता फ्लॉपी. 'डिस्क इमेज' म्हणजे फ्लॉपीवरील मजकुराची बाइटन् बाइट नक्कल, एकाच फाइलमध्ये. या संगणकाच्या 1541 ड्राइव्हच्या फ्लॉपीवर 35 वर्तुळाकार पट्ट्या असतात. बाहेरची पट्टी लांब, म्हणून तिच्यावर 21 कप्पे. आतल्यांवर कमी होत होत 17. एकूण कप्पे 683, प्रत्येकी 256 बाइट. म्हणून इमेज भरते 1,74,848 बाइटांची.

अठरावी पट्टी ही या वहीची अनुक्रमणिका. तिथे फाइलचे नाव आणि तिचा पहिला कप्पा नोंदलेला असतो. प्रत्येक कप्प्याचे पहिले दोन बाइट म्हणजे आपले 'पुढील पानावर': पुढची पट्टी आणि पुढचा कप्पा. आमची फाइल एकाच कप्प्यात मावते, म्हणून तिथे 0 आणि 21. शून्य म्हणजे पुढे पान नाही. 21 म्हणजे मजकूर एकविसाव्या घरापर्यंत, घरे शून्यापासून मोजून.

एक नोंद मात्र विसरू नये. कोणता कप्पा रिकामा आणि कोणता भरलेला, याचा तक्ताही अठराव्या पट्टीवरच असतो. नाव घातले पण तक्ता जुळवला नाही, तर पुढची फाइल आपल्यावर लिहिली जाते. किर्दीत नोंद आणि खतावणीत नाही, तशी गत! व्हाइससोबत मिळणारे 'सी1541' हे साधन दोन्ही नोंदी आपोआप करते. पण हिशेब एकदा हाताने करून पाहावा.

हा खटाटोप कशासाठी? फ्लॉपीचे चुंबकत्व वर्षानुवर्षे क्षीण होत जाते. त्यावर कुणाचा पहिला खेळ असेल, कुणाचा हिशेब. वेळीच इमेज काढली तर तो मजकूर फ्लॉपीपेक्षा जास्त जगतो. आणि वहीची रीत ठाऊक असलेला माणूसच फाटक्या वहीतली पाने पुन्हा लावू शकतो.