युक्लिड वाचायचा तो पेन्सिल हातात घेऊन!

माझी भाची १४ वर्षांची, घरीच शिकते. गणिताची पाठ्यपुस्तकं तिने भराभर संपवली, म्हणून थेट युक्लिडचं 'एलिमेंट्स' हातात दिलं. इ.स.पू. ३००च्या सुमाराचा ग्रंथ, १३ भाग. सुरुवातीच्या २३ व्याख्या पाहूनच बाईसाहेबांनी पुस्तक मिटलं. 😅 मग हळूहळू जमलेल्या या चार गोष्टी:

📐 एका बैठकीत एकच प्रमेय. पहिल्या भागात ४८ आहेत. ४७वं म्हणजे आपलं पायथागोरसचं. तिथवर पोचायची घाई नको.

✏️ फक्त विधान वाचायचं, पुस्तक झाकायचं आणि आकृती स्वतः काढायची. मग सिद्धतेच्या प्रत्येक पायरीपुढे लिहायचं: हे कशावरून?

🤫 अडलं की लगेच सांगू नका. दुसऱ्या प्रमेयात दिलेली लांबी दुसऱ्या बिंदूपाशी न्यायची असते. "मावशी, कंपासमध्ये माप धरून नेलं की झालं!" मी एवढंच म्हटलं, "युक्लिडचा कंपास कागदावरून उचलला की मिटतो." दोन दिवस ती त्यावरच होती.

❓ शंका घेऊ द्या. पहिल्याच प्रमेयातली दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात, हे युक्लिड सिद्ध न करताच पुढे जातो. ही फट मुलांना स्वतः सापडली तर त्यांचा चेहरा बघा!

नुसता मजकूर जड वाटला तर ऑलिव्हर बर्नची १८४७ची रंगीत आवृत्ती पाहा. पहिले सहा भाग, अक्षरांऐवजी रंगांनी दाखवलेल्या रेषा आणि कोन.

तुमच्या घरी कोणता मूळ ग्रंथ चालू आहे?