यंत्र कारखान्याचे, आज्ञावली कोणाची?

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा भाविक रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन घेऊन बाहेर पडतो, तेव्हा मंदिराइतकीच ठळकपणे त्याच्या नजरेस पडते ती तेथील औद्योगिक वसाहत. शिरूर तालुक्याच्या ज्या कोरडवाहू पट्ट्यात एकेकाळी बाजरी हाच मुख्य आधार होता, तेथे आज शीतकपाटे, धुलाईयंत्रे आणि मोटारगाड्या तयार होतात. दक्षिणेस भीमा ओलांडून दौंड तालुक्यात यावे, तर कुरकुंभला फिरंगाईदेवीच्या टेकडीच्या परिसरात रसायनांचे आणि औषधी द्रव्यांचे कारखाने उभे आहेत. या दोन वसाहतींविषयी आजवर जे लिहिले गेले ते जमीन, पाणी, प्रदूषण आणि कंत्राटी कामगार यांविषयी. ते योग्यच झाले. तथापि या कारखान्यांच्या पोटात आणखी एक प्रश्न वाढतो आहे आणि तो डोळ्यांना दिसत नसल्यामुळे त्याची चर्चा होत नाही. हा प्रश्न यंत्रांना चालवणाऱ्या आज्ञावल्यांचा, म्हणजेच सॉफ्टवेअरचा आहे.

रांजणगावच्या मोटार कारखान्याचेच उदाहरण घ्यावे. टाटा मोटर्स आणि फियाट यांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या या कारखान्यातून २००९ साली लिनिया आणि पुंटो या गाड्या बाहेर पडल्या. २०१७ पासून टाटांची नेक्सॉन आणि जीप कंपनीची कंपास या दोन वेगळ्या घराण्यांच्या गाड्या तेथे बनू लागल्या. उजव्या सुकाणूची कंपास येथून ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया या देशांना गेली. पुढे १ एप्रिल २०२० पासून भारत-६ ही प्रदूषणमर्यादा लागू झाली आणि देशातील कितीतरी गाड्यांना ओढणारे १.३ लिटरचे डिझेल इंजिन इतिहासजमा झाले. ग्राहकाच्या दृष्टीने हे नवे मॉडेल असते. कारखान्याच्या दृष्टीने मात्र अशा प्रत्येक बदलासरशी जोडणी करणाऱ्या यंत्रमानवाची हालचाल, बोल्ट आवळण्याचा जोर, तपासणीचा क्रम आणि त्या सर्वांना हुकूम सोडणारी आज्ञावली बदलावी लागते.

वैविध्य किती झपाट्याने फुगते याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. एखाद्या यंत्राला ‘हवे’ किंवा ‘नको’ असे दहा स्वतंत्र पर्याय असतील तर त्याची १०२४ रूपे संभवतात. पर्यायांची संख्या ३३ झाली की रूपांची संख्या सुमारे ८५९ कोटींवर जाते. म्हणजे जगाच्या लोकसंख्येहून अधिक! प्रत्येक रूप तपासून पाहणे कोणालाच शक्य नाही.

वस्तुतः यंत्रांच्या नियंत्रणात आज्ञावली आली ती याच अडचणीवरचा उपाय म्हणून. पूर्वी नियंत्रणाचे काम रिले आणि तारांनी भरलेली लोखंडी कपाटे करीत. मोटारीचे मॉडेल बदलले की तारा उपसून नव्याने जोडाव्या लागत. या खर्चाला कंटाळून अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या एका विभागाने १९६८ साली तारा न बदलता काम बदलू शकेल अशा नियंत्रकाची मागणी केली आणि त्यातून पीएलसी जन्माला आला. तारांचा गुंता संपला, पण तोच गुंता पुढे आज्ञावलीत शिरला. फरक इतकाच, की तारा निदान दिसत तरी होत्या.

हा गुंता बहुधा कसा वाढतो? नवे यंत्र उभारताना अभियंता जुन्या, साधारण तशाच यंत्राची आज्ञावली उचलतो, तिची नक्कल करतो आणि हवे तेथे चार ओळी बदलतो. काम दोन दिवसांत होते आणि मालकही खूश होतो. पुढे रात्रपाळीत यंत्र अडते. उत्पादन थांबले तर मिनिटागणिक नुकसान. म्हणून देखभाल करणारा तंत्रज्ञ यंत्राशेजारी उभा राहूनच एखादी वेळमर्यादा वाढवतो, एखादी अट गाळतो आणि पट्टा पुन्हा चालू करतो. सकाळी त्याची नोंद होतेच असे नाही. पाच वर्षांनी एकाच प्रकारच्या सहा यंत्रांवर सहा वेगळ्या आज्ञावल्या नांदत असतात. एकीत सापडलेला दोष उरलेल्या पाचांत आहे की नाही हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत हे कर्जच आहे. पण ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. यंत्राचा घसारा काढला जातो, या गुंत्याचा नाही.

आणि अशी नक्कल केवळ लहान कारखानदार करतो असेही नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे आरियान-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झाले. आधीच्या आरियान-४ साठी लिहिलेला आज्ञावलीचा एक भाग त्यात तसाच ठेवला होता. नव्या बाणाचा आडवा वेग अधिक होता आणि तो आकडा ठरवलेल्या जागेत मावला नाही. विशेष म्हणजे उड्डाणानंतर त्या भागाची नव्या बाणाला गरजही नव्हती.

उपाय नाहीत असे नव्हे. डेव्हिड पार्नास यांनी १९७६ सालीच असे मांडले होते की, परस्परांशी नाते असलेल्या आज्ञावल्यांकडे एकेकटे न पाहता कुटुंब म्हणून पाहावे. समान काय ते आधी ठरवावे आणि वेगळेपण त्यानंतर. कुरकुंभसारख्या ठिकाणी हे तत्त्व सहज पटावे. एकाच भट्टीत आज एक रसायन शिजते, महिन्याने दुसरे. भट्टी, पंप, झडपा यांना चालवणारा भाग स्थिर ठेवायचा आणि किती तापवायचे, किती वेळ ढवळायचे ही पाककृती निराळी ठेवायची, अशी रीत आयएसए या संस्थेने १९९५ साली प्रमाण म्हणून मांडली. औषध कारखान्यांना तर बदलाची नोंद ठेवणे भागच आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयी नियम केले आणि तिकडे माल पाठवायचा तर ते पाळावे लागतात. आपल्याकडे ही शिस्त परदेशी निरीक्षकाच्या धाकाने यावी, शेजारच्या कारखान्याला मात्र ती परवडणार नाही असे वाटावे, ही गोष्ट फारशी भूषणावह नाही.

अर्थात परवडण्याचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. समान गाभा आधी घडवण्यास वेळ आणि पैसा लागतो. साधारण तिसऱ्या यंत्राच्या सुमारास तो वसूल होऊ लागतो, असा जाणकारांचा अनुभव आहे. ज्याच्याकडे एकच यंत्र आहे त्याला हा उपदेश करण्यात अर्थ नाही. पण ‘कोणी, केव्हा, काय आणि का बदलले’ याची वही ठेवण्यास कोणता मोठा खर्च येतो?

खरी अडचण मालकीची आहे. यंत्र कारखान्याचे असले तरी मूळ आज्ञावली पुष्कळदा ते उभारून देणाऱ्या कंपनीकडे राहते आणि तिचा परवलीचा शब्दही तिच्याचजवळ असतो. १९९३ साली आंतरराष्ट्रीय प्रमाणाने नियंत्रकांच्या भाषा ठरवून दिल्या खऱ्या, परंतु एका कंपनीच्या नियंत्रकावरील आज्ञावली दुसरीच्या नियंत्रकावर आजही सुखासुखी चालत नाही. ग्राहक बांधला जातो. खरेदीच्या करारातच मूळ आज्ञावली मागून घेण्याची बुद्धी ज्यांना होते ते सुटतात. इतरांना पट्टा बंद ठेवून बाहेरच्या अभियंत्याची वाट पाहावी लागते.

शिरूर-दौंडच्या तरुणांचा संबंध येतो तो येथे. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री किंवा जोडारी होऊन बाहेर पडलेला मुलगा या कारखान्यांत बहुधा कंत्राटावर लागतो. यंत्राचा स्वभाव त्याला ठाऊक असतो. ते उन्हाळ्यात कोठे अडते, कोणती अट नावापुरती आहे, हे तो सांगू शकतो. पण आज्ञावली उघडण्याचा अधिकार त्याला नसतो आणि तिच्या आवृत्त्या कशा सांभाळाव्यात हे त्याला कोणी शिकवलेले नसते. कंत्राट संपले की तो जातो आणि त्याच्याबरोबर त्या चार बदललेल्या ओळींमागचे कारणही जाते. कायम नोकरीचा प्रश्न केवळ न्यायाचा समजला जातो. तो कारखान्याच्या स्मरणशक्तीचाही आहे, हे व्यवस्थापनांच्या अजून ध्यानात आलेले दिसत नाही.

याच तालुक्यात दौंडचे जुने रेल्वे जंक्शन आहे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात मंजूर नकाशावाचून एक तारही हलवता येत नाही. बदल केला की त्याची चाचणी होते आणि नकाशावर तो तारखेसह चढतो. त्या तारा सांभाळणारे कर्मचारी आपल्या तालुक्यातल्या अशाच संस्थांतून शिकून आलेले असतात.